पिवळ्या टाक्यांचा शर्ट

माणूस खरोखर मरताना बघून तुम्ही कधी टाळ्या वाजवल्यात का?

लगेच मान हलवू नका. ती जुनी अंतराळ-मालिका तुम्ही बघितली असणार. तिसऱ्या वर्षाचा शेवटचा भाग आठवा. लाल शर्टातला पहारेकरी कप्तानापुढे उडी घेतो, छातीत किरण घुसतो आणि तो पाठीमागच्या यंत्रावर आदळतो. "काय मेलाय राव!" असं म्हणालाच असाल. मीही म्हणालो होतो. तो अभिनय नव्हता. त्या माणसाची छाती खरोखर फुटली होती.

त्याच्या थोरल्या बहिणीबद्दल लिहितोय. स्टुडिओत तिला सगळे रंगमावशी म्हणत. कपडेपटाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तिच्या तीन भट्ट्या आणि तीन पातेली होती. कप्तानाचा शर्ट सोनेरी की हिरवा यावर आजही त्या मालिकेचे भक्त एकमेकांची डोकी फोडतात. मावशीला विचारा ना! कापड शेवाळी होतं, दिव्यांखाली सोनेरी दिसायचं. पहारेकऱ्यांचा लाल तर लाल नव्हताच. अस्सल लाल पडद्यावर नारिंगी दिसे, म्हणून ती सुती शर्ट जांभळ्या वांग्याच्या रंगात बुडवायची. कप्तानाच्या बाहीवर तीन फिती, डॉक्टरच्या बाहीवर दोन, पहारेकऱ्याची बाही कोरी. "बढती मिळेपर्यंत जगतोय कोण?" शिंपी हसायचे.

मावशीचा भाऊ हाच कोरा पहारेकरी. अठरा भागांत अठरा वेळा मेला. चेहरा कधी नीट दिसला नाही, म्हणून पुन्हा पुन्हा मरायला उपयोगी.

"ताई, आज कितव्यांदा मारतेस मला?"

"मेल्या, तुझं तू मर. शर्ट तेवढा जपून फाड, शिवायला मी बसते."

शर्टाच्या छातीशी आतून चामड्याचा खिसा असे. त्यात स्फोटाची चपटी पुडी. सहा शर्टांपैकी दोहोंचा खिसा मोठा, जवळून घ्यायच्या दृश्यासाठी, दुप्पट दारूचा. तो घालणाऱ्याच्या छातीवर आधी लोखंडी पत्रा बांधायलाच हवा. घाईत चूक नको म्हणून मावशीनं त्या दोन शर्टांच्या खालच्या दुमडीत, आतून, पिवळे चार टाके घातले होते. कपडे चढवणारा दुमड उलटून बघे. पिवळं दिसलं की पत्रा. नाही दिसलं की नाही.

खोटं रक्त धुऊन धुऊन शर्ट विटत आणि पुन्हा रंगात जात. पण टाके पिवळेच राहत, कारण मावशी पॉलिस्टरचा धागा वापरायची. सुती कापडाचा रंग त्याला चिकटत नाही. ही तिची अक्कल. कुठल्या शाळेत शिकवली नव्हती.

त्या आठवड्यात दोन्ही मोठे शर्ट उसवून नव्यानं शिवायला काढले. धागा संपला होता. कपडेपटाच्या व्यवस्थापकानं वेगळं रीळ धाडलं. मावशीनं दोन बोटांत चोळून बघितलं.

"साहेब, हा सुती वाटतोय."

"धागा तो धागा. पिवळा आहे ना? मग शिव. मला अक्कल शिकवू नकोस."

तिनं शिवलं. या खेपेचा रंग देऊन झालाय, शर्ट आता पुन्हा पातेल्यात जाणार नाहीत, असं तिला वाटलं. पण दुपारी ती औषधाला गेली असताना त्याच साहेबानं घाईनं सहाही शर्ट पातेल्यात टाकायला लावले आणि ती परतायच्या आत उचलून नेले. पिवळे टाके वांगी रंगाचे झाले.

सकाळी कपडे चढवणाऱ्यानं दुमड उलटली. पिवळं काही नाही. पत्रा बांधला नाही.

आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला. भाऊ यंत्रावर आपटला, घसरला. छातीत मुठीएवढं भगदाड. त्यातून फेस यायला लागला तरी दिग्दर्शक ओरडत होता, "झकास! चालू ठेवा!" अकरा सेकंद कॅमेरा चालू राहिला. तेच अकरा सेकंद तुम्ही बघितलेत.

मावशी धावत आली तेव्हा साहेब शर्टाची दुमड उलटून सगळ्यांना दाखवत होता. "खूण कुठाय? हिनंच बुडवली. स्वतःच्या भावाला खाल्लं!"

रंग ढवळायचा दांडा तिच्या हातातच होता. पहिल्या फटक्यात साहेबाचा जबडा मोडला, दुसऱ्यात कान फाटला. तिसरा बसू दिला नाही. साहेबाच्या चार माणसांनी तिला फरफटत पत्र्याच्या खोलीत नेलं आणि उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या पातेल्यात दाबून धरला. "घे, हौस फिटेपर्यंत रंगव!" कातडी मोज्यासारखी उतरली. मी तो हात बघितलाय. बोटं अजून उघडत नाहीत.

चौकशीत एकच ओळ आली: रंगकाम करणाऱ्या बाईचा हलगर्जीपणा. भावजयीनं ती वाचली. मावशी हाताला फडकं गुंडाळून तिच्या दारात गेली, तर ती तोंडावर थुंकली आणि दार लावून घेतलं. बत्तीस वर्षं ते उघडलं नाही. हातापेक्षा मावशीला हे जास्त जाळत होतं.

गेल्या महिन्यात मालिकेच्या कपड्यांचं प्रदर्शन भरलं. काचेत भगदाडाचा शर्ट, खाली पाटी: 'रंगकामातील चुकीची दुर्दैवी आठवण.' फीत कापायला कोणाला बोलावलं? भावजयीला! मी स्टुडिओ कामगारांची संघटना चालवतो. मावशी मला म्हणाली, "फक्त सोबत चल. भांडू नकोस." बरं म्हणालो.

पाटी वाचल्यावर तिनंच गर्दी अडवायच्या दोरीचा पितळी खांब डाव्या हातानं उचलला आणि काचेवर घातला. प्रदर्शनाच्या पहारेकऱ्यानं तिच्या बरगडीत दंडुका हाणला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी माझं कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. नाक मोडलं. वाईट वाटत नाही.

काचांत गुडघ्यांवर बसून मावशीनं शर्टाच्या दुमडीतला एक टाका दातांनी ओढून काढला.

"काडी ओढ," ती मला म्हणाली. मग मान न वळवता भावजयीला, "बघ गं. पॉलिस्टर जळला तर आक्रसून त्याचा टणक मणी होतो. सुती असला तर कागदासारखा जळतो. मला सुती दिला होता. मी बोललेही होते."

धागा भुरकन पेटला. तळहातावर चिमूटभर राख राहिली. भावजयीनं ती बोटानं चुरडली, मणी शोधला, पुन्हा चुरडली.

"वन्सं," ती म्हणाली, "बत्तीस वर्षं का नाही सांगितलंत?"

"दार कुठं उघडलंस?"

भावजय खाली बसली, काचांतच, आणि मावशीच्या तोंडातलं रक्त पदरानं पुसायला लागली.

आता कंपनी काय म्हणते ऐका. तो शर्ट 'साफसफाईसाठी' हलवलाय, कुठे ते सांगत नाहीत. मावशीवर तोडफोडीचा खटला लावलाय. बरगड्या बांधून ती तारखेला येते, सोबत भावजय येते. राख न्यायाधीशाला दाखवता येत नाही.

पण मोठ्या खिशाचे शर्ट दोन होते. दुसरा लिलावात तुमच्यासारख्याच कुणा भक्तानं घेतला. तुमच्या कपाटात असा शर्ट असेल, तर आज बाहेर काढा. धुऊ नका, इस्त्री करू नका, टाके उसवू नका. खालची दुमड उलटा. आत वांगी रंगाचे चार टाके दिसले, तर जसा आहे तसा घेऊन कोर्टात या.