विल्फची तीन उत्तरं

विल्फ ऑकरॉइड थॉर्नशॉच्या कोळसा खाणीत काम करायचा आणि रविवारी गावासाठी रग्बी लीग खेळायचा. पहिल्या फळीत डोकं घालून घालून त्याच्या कानांचा पार चोळामोळा झाला होता. कधी बेशुद्ध पडलाच, तर मानेवर गार पाण्याचा स्पंज पिळायचे आणि हाकलायचे परत आत.

पुढे गुडघे गेले आणि तो कोच झाला. खाण बंद पडली तेव्हा गावात उरलं काय, तर चर्च, पब आणि विल्फची टीम.

मग नवा नियम आला. डोक्याला मार बसलेल्या गड्याला डॉक्टर तीन प्रश्न विचारणार. वार कोणता, समोर कोणतं गाव, गुणांत पुढे कोण. चुकला की बाहेर. विल्फला तो नियम म्हणजे थेरं वाटायची. सामन्याआधी तो पोरांना दारात उभं करून घोकून घ्यायचा, "रविवार, ब्लॅकडाइक, आपण."

"आणि आपण मागे असलो तर?" कुणीतरी विचारायचं.

"मी टोपी काढलेली दिसली की 'ते' म्हण, बैला."

सगळे हसायचे. आसपासच्या गावांतही हेच चालायचं. त्यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नसे.

कार्ल ब्रॅमलीचं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटलं, त्या दिवशी विल्फच्या डोक्यावर टोपी होती. डॉक्टरांनी कार्लला विचारलं, "समोर कोणतं गाव?"

"रविवार, ब्लॅकडाइक, आपण," कार्ल एका दमात म्हणाला. "मी बरा आहे. जाऊ द्या मला."

डॉक्टरांनी विल्फकडे पाहिलं. "ठणठणीत आहे पोरगा," विल्फ म्हणाला. विल्फची बायको ग्लेनिस मागच्याच बाकावर होती. विचारलं एक आणि कार्लनं सांगितलं तिन्ही, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण बायकांनी मैदानात तोंड घालायची रीत नव्हती. डॉक्टरांनी कार्लला आत सोडलं. पुढच्याच धडकेत कार्ल पडला, तो परत पायावर उभा राहिलाच नाही.

आता तो खिडकीशी खुर्चीत असतो आणि आई त्याचं तोंड पुसते. विल्फ दर सोमवारी जाऊन त्याला पेपरातली सामन्याची बातमी वाचून दाखवायचा. ब्रॅमलीबाईंनी त्याला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. चहा द्यायच्या. विल्फ तो तसाच ठेवून उठायचा.

मग विल्फ एकच बातमी दोनदा वाचायला लागला. एकदा डबा घेऊन बंद खाणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. क्लबनं सांगितलं, डॉक्टरांनी हो म्हटलं तरच यंदा टीम तुझ्याकडे.

"टीम गेली तर मी काय करू गं?" त्यानं ग्लेनिसला विचारलं. म्हणून तिनंच स्वयंपाकघरात त्याच्याकडून दवाखान्यातली उत्तरं घोकून घेतली. मंगळवार, सप्टेंबर, वेकफिल्ड. पाव खाता खाता तो शहाण्या मुलासारखा म्हणत राहिला. चुकला की ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. त्याच्याकडे टीम राहावी एवढंच तिला हवं होतं.

वेकफिल्डच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि मायेनं बोलत होती. "मिस्टर ऑकरॉइड, हे कोणतं शहर आहे, सांगता का?"

"मंगळवार, सप्टेंबर, वेकफिल्ड," विल्फ एका दमात म्हणाला.

डॉक्टरीण थबकली. तिनं ग्लेनिसकडे पाहिलं.

"मी बरा आहे, डॉक्टर," विल्फ म्हणाला. "जाऊ द्या मला. पोरं वाट बघत असतील."

ग्लेनिसनं त्याचा राकट पंजा आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "तो बरा नाही. ही उत्तरं मी पाठ करून घेतलीत."

विल्फनं तिच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.