ढगांतून नागपूरला

काल दुकानात नवा हेडफोन कानाला लावला, तर त्याच्या फोमच्या वासाने चंद्रपूरच्या खोलीतली एक दुपार आठवली. मला वैमानिक व्हायचं होतं, म्हणून मी संगणकावर विमान उडवायचा सराव करायचे. आईमागे मला वाढवणारी आत्या मात्र प्रशिक्षणाला पाठवायला घाबरत होती.

त्या दुपारी ती शेजारी येऊन बसली. पडद्यावर नुसते पांढरे ढग होते.

“काहीच दिसून नाई राह्यलं. तुले कसं समजते कुठी जायचं?”

मी विमानांना दिशा दाखवणाऱ्या नागपूरच्या रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी लावली आणि हेडफोन तिच्या कानाला दिला. बारीक टिट्-टिट् ऐकून ती दचकली.

“हा नागपूरचा आवाज आहे, आत्या. ही खालच्या तबकडीतली सुई मधात ठेवली का आपण तिकडंच जातो.”

बराच वेळ आम्ही दोघी सुईकडे बघत राहिलो. मग ढग फाटले आणि अगदी समोर धावपट्टी दिसली. मला ते पहिल्यांदाच जमलं होतं.

आता मी खरी विमानं उतरवते. तेव्हा नवल त्या सुईचं वाटलं होतं, आता आत्याचं वाटतं. त्या दुपारी धावपट्टी दिसल्यावर पडद्यावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली होती, “मंग जाय माय, शिकून ये.”