गोळ्या पोकळ आहेत कशावरून?

नगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. माझं पॉलिमर साधं होतं. त्याच्या साखळीचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं. द्रावणात थेंबथेंब पाणी सोडलं की या साखळ्या आपोआप एकमेकींना बिलगून भिंत करत, आणि ती भिंत वळून सूक्ष्म पोकळ गोळी होई. त्यात औषध भरता येईल, अशी आशा होती. दोन वर्षं गोळ्यांऐवजी नुसता गाळच मिळाला. जमलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतच रडले.

आमच्या सरांनी हे काम चर्चासत्राला पाठवलं. चर्चासत्राच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावाखाली त्यांच्या पुतण्याचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं.

मी विचारलं तेव्हा सर हसले. "तुझं उद्या लग्न होईल. नावाचं काय घेऊन बसलीस?"

 मी तेव्हाच ठरवलं, यांना सगळ्यांसमोर पाडायचं. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोत भरीव गोळीही पोकळ गोळीसारखीच दिसते, हे सरांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी पाण्यात विरघळणारा चमकता रंग घालून गोळ्या पुन्हा केल्या आणि बाहेरचा रंग धुऊन काढला. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक गोळीचं पोट चमकत होतं, म्हणजे रंगाचं पाणी आत कोंडलं होतं आणि गोळ्या खरंच पोकळ होत्या. हे सरांना सांगितलं नाही.

चर्चासत्रात सरांचं भाषण संपलं आणि मी उभी राहिले.

"सर, गोळ्या आतून पोकळ आहेत हे कशावरून?"

"दिसतंय की फोटोत."

"भरीव असत्या तरी अशाच दिसल्या असत्या."

सरांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या पायाकडे बघत होता. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे पुरावा आहे?" मी पेनड्राइव्ह घेऊन पुढे गेले. पडद्यावर चमकत्या गोळ्यांचे फोटो आले तसे सर उतरलेल्या चेहऱ्यानं खाली जाऊन बसले.

नंतर बाहेर त्यांनी मला गाठलं. "भर सभेत? मी तुला मुलीसारखं वागवलं."

"मुलीचं नाव खोडलं असतंत?"

पुढे मार्गदर्शक बदलावा लागला, पदवी लांबली. शोधनिबंध मात्र माझ्या नावानं छापून आला.

यंदा सरांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. मी बेलापूरला घरी होते. आई म्हणाली, "जाऊन ये की. लई वर्सं झाली आता."

"झाली तर झाली," मी म्हणाले आणि गेले नाही. सरांचा तो उतरलेला चेहरा आठवला की आजही बरं वाटतं.