रव्यासारखी भाजलेली माती

लोक कर्जतला धबधबे बघायला जातात, मी गेले माती आणायला. झालं असं, की मोहोपाड्याजवळ राहणाऱ्या माझ्या मामीचा शुक्रवारी फोन आला. वरच्या नाल्यात कुणीतरी रंगाचं पिंप ओतून पसार झालं होतं आणि तिच्या विहिरीचं पाणी जांभळं झालं होतं. माझा मामेभाऊ संदीप इतका वैतागला, की विहीर बुजवायला त्याने रविवारचा जेसीबी सांगून ठेवला. मामी म्हणाली, "तू शाळेत सायन्स शिकवतीस ना गं? मग कर की काय तरी." आता आली का पंचाईत! चिकणमातीने शाईचं पाणी नितळ करून दाखवते मी दर वर्षी वर्गात, पण विहीर म्हणजे काय काचेचा पेला आहे?

तरी शनिवारी सकाळीच नेरळला उतरले. माझी ती प्रयोगाची काळी चिकणमाती कशेळ्याजवळच्या एका मैत्रिणीच्या शेतातली. स्टेशनबाहेरून कळंबमार्गे शेअर जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा जाणाऱ्यांनी नाश्ता उरकून घ्यावा. कशेळ्याच्या बाजारात मी वडापाव खाल्ला. चटणीने कान लाल झाले, तरी दुसरा घेतलाच.

गोणी भरून कर्जतच्या जीपमध्ये चढले, तर ड्रायव्हरने आत काय आहे विचारलं. मोहोपाड्याला माती नेतेय म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तिकडं माती नाय का, मावशी?" मावशी म्हणाला मेला! वर गोणीचं पुरतं भाडं लावलं. मी वाद घातला आणि हरले. कर्जतहून चौक गावापर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा, असं करत दुपारी पोचले.

विहिरीत डोकावले. पाणी खरंच गर्द जांभळं होतं. मामी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा दिवस याच काठावर उजाडतो. ती कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

माती ओली होती. ती कोरडी केली की जास्त रंग धरते, म्हणून अर्धी मामीकडे दिली, रव्यासारखी मंद आचेवर भाज म्हटलं आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरभर शिऱ्याचा वास! मामीने कढईत चांगलं पळीभर साजूक तूप सोडलं होतं.

"मामी, तूप कशाला?"

"तूच म्हनलीस ना रव्यासारखी? तुपाबिगर रवा भाजतात व्हय?"

कपाळाला हात लावला मी. मातीच्या ज्या बारीक पापुद्र्यांना रंग चिकटायचा, तिथे आधीच तूप जाऊन बसलेलं! तरी एक बादली करून पाहिली. पाणी जांभळं ते जांभळंच, वर तुपाचा तवंग. संदीप पोट धरून हसला. मामी मात्र पदराने डोळे पुसत होती, आणि मला माझ्या जिभेचा भयंकर राग आला.

उरलेली माती पातळ पसरून उन्हात वाळवली, दुसऱ्या बादलीत ढवळली, तुरटी फिरवली आणि चहाला बसलो. दोन तासांनी माती तळाशी बसली होती, जांभळी होऊन. वरचं पाणी स्वच्छ. संदीप बराच वेळ वाकून बघत राहिला. मी स्पष्ट सांगितलं, की हे पिण्याचं नव्हे, तपासणीशिवाय तोंडातही घालायचं नाही, गाळ झाकणाच्या पिंपात साठवायचा, आणि एका गोणीने विहीर साफ होणार नाही. उपसावी लागेल, पुन्हा पुन्हा, आणि उपसलेलं पाणी असंच बादली-बादलीने माती घालून ढवळावं लागेल. त्याने मान हलवली, अंगणात गेला आणि जेसीबीवाल्याला फोन लावून उद्या येऊ नको म्हणाला.

घरी परतून आठवडा झाला. माझ्या नखांतली काळी माती अजून निघालेली नाही, पाठही धरली आहे. विहीर सुधारेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्याची धाकधूक जात नाही. काल मामीचा फोन आला. मी विचारलं, कोण ढवळतं बादल्या, तू?

"मला कुठं हात लावू देतोय गं तो," मामी म्हणाली. "कशेळ्याला गेलाय संदीप, टेंपो घेऊन."