हेमंतसाठी मी गाडी का थांबवली नाही

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी शहाद्याच्या एसटी स्टँडवर आमचं अर्धं गाव जमलं होतं. माय माझ्या बॅगेत दादर ज्वारीच्या भाकरींचा डबा कोंबत होती आणि नाना, माझे वडील, दर दोन मिनिटांनी पासपोर्ट आहे ना म्हणून विचारत होते. तेवढ्यात आप्पा जीप घेऊन आले. आप्पा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. हातात नारळ, डोक्यावर इस्त्रीची टोपी. म्हणाले, "सुनी, एसटीमा कसाले जाई ऱ्हायनी? सुरतलोंग जीपमा सोडी देसू."

मी नारळ घेतला, पाया पडले आणि एसटीत जाऊन बसले. चारचौघांत आप्पांचं तोंड उतरलं. नाना खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "इतला राग बरा नही, बेटा." गाडी सुटली तेव्हा सगळे रडत होते. मी मात्र आप्पांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत होते. मला बरं वाटत होतं.

हे आज लिहिते आहे, कारण गावात माझ्याबद्दल बोललं जातंय. आप्पांचा मुलगा हेमंत अमेरिकेतून परत आला तो सुनीमुळे, असं. गावातल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही ते माझ्याकडूनच ऐकावं. खरं आहे ते.

हेमंत आणि मी एकाच वर्गात होतो. बारावीनंतर इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला दोघांचंही केंद्र नंदुरबार होतं. आदल्या दिवशी आप्पाच म्हणाले होते, "सकायले जीपमा चाल आमना संगे." म्हणून मी सहाची एसटी सोडली. साडेसातला पॅड आणि कंपासपेटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. जीपमध्ये मागे मिरचीचं एक पोतं होतं, त्याच्या शेजारची सीट मोकळी होती. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जागा नही शे. मिरची मार्केटमा टाकनी शे." हेमंत पुढे बसला होता. त्याने काच वर केली.

मी फाट्यापर्यंत पळत गेले. तिथे काळीपिवळी जीप उभी होती. तिच्या ड्रायव्हरला चौदा माणसं भरल्याशिवाय गाडी हलवायची नव्हती. तो अकरावर अडून बसला होता. मी त्याच्या हातापाया पडले. तो म्हणाला, "ताई, रिकामी गाडी काढी तं डिझेलबी नही सुटनार." नंदुरबारला पोचले तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. आतून शिपाई नुसती मान हलवत राहिला.

माझं एक वर्ष गेलं. त्या वर्षात मला बघायला तीन स्थळं आली. नानांनी प्रत्येकाला काहीतरी खोटं सांगून परत पाठवलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशीच ते मला नंदुरबारला घेऊन गेले, आम्ही धर्मशाळेत राहिलो. मी पास झाले. पण मधल्या त्या वर्षात मी चुलीपुढे बसून जे काही मनात म्हणत होते, ते कधी पुसलं गेलं नाही.

आता मी कॅलिफोर्नियात, ऑफिसपासून पंचावन्न मैलांवर राहते. जवळ घर परवडत नाही. मधल्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत आणि उन्हाळ्यात गवत असं वाळतं की सातपुड्याचा पायथा आठवतो. फ्रीवेला पाच-पाच लेन, तरी सकाळी सगळं तुंबलेलं. डाव्या कडेला कारपूल लेन असते, गाडीत किमान दोघं असतील तरच त्यात शिरता येतं. आधी माझ्यासोबत लोर्ना नावाची फिलिपिनो बाई असायची. एक आठवडा तिची गाडी, एक आठवडा माझी. गॅस कसा वाचवायचा ते तिनेच मला शिकवलं. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. टायरची हवा दर पंधरवड्याला बघ, पुढच्या गाडीच्या मागे लागू नकोस, उतार आला की पाय उचल, सारखा ब्रेक मारावा लागत असेल तर तू चुकीची चालवते आहेस. लोर्ना रिटायर झाली आणि माझ्या शेजारची सीट मोकळी झाली.

त्याच सुमाराला हेमंत पुण्याच्या कंपनीकडून इकडे आला. इथे मी राहते त्याच गावात भाड्याने घर घेतलं, ऑफिसही माझ्या पुढच्याच एक्झिटवर. फोनवर म्हणाला, "सुनी, तू एकलीच जास ना? मले संगे लई जा. दोन्हीसनं पेट्रोल वाची, अन् ती लेनबी भेटी."

मी लगेच हो म्हणाले. का म्हणाले, ते मला तेव्हाच ठाऊक होतं.

सात महिने तो माझ्या शेजारी बसला. वाईट सोबत नव्हती, हे कबूल करते. तो वांग्याचं भरीत आणायचा, शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायचा. इतक्या वर्षांनी मी रोज दीड तास अहिराणी बोलत होते. माझी गाडी, आठवड्यातून एकदा टाकी तो भरायचा. त्याच्या घरी एकच गाडी होती, ती त्याची बायको नोकरीला न्यायची. माझ्या भरवशावर त्याने दुसरी घेतलीच नाही. त्या परीक्षेचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मीही नाही. मी वाट बघत होते.

एका सोमवारी तो म्हणाला, "सुनी, गुरुवारी क्लायंटसमोर मलेच बोलनं शे. सहाले निघूत. उशीर नको करू, माय."

गुरुवारी सहाला मी त्याच्या कोपऱ्यावर पोचले. नवा निळा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात माझ्यासाठी कॉफी. त्याने हात वर केला. मी वेग कमी केला, त्याच्याकडे नीट बघितलं, मी बघते आहे हे त्याला दिसू दिलं, आणि पुढे निघून गेले.

कारपूल लेन त्या दिवशी माझी नव्हती. एकटीच होते ना. उजवीकडच्या रांगेत, ट्रकांच्या मधे, दोन तास ब्रेकवर ब्रेक मारत मी गाडी ढकलली. काटा एवढा खाली गेला की वाटेत पंपावर थांबावं लागलं. शेजारून दोन-दोन माणसांच्या गाड्या सुळकन निघून जात होत्या. फोन नऊदा वाजला. उचलला नाही. त्या सकाळी जळालेल्या गॅसच्या एकाही थेंबाचं मला वाईट वाटलं नाही.

त्याला टॅक्सी मिळायला पाऊण तास लागला. तोपर्यंत सगळ्याच लेन तुंबल्या होत्या. त्याच्या जागी दुसरा कोणी बोलला. दोन महिन्यांनी कंपनीने त्याला परत बोलावलं. त्या एका सकाळमुळेच तसं झालं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला तेच खरं असायला हवं होतं.

जाण्याआधी एका रविवारी दुपारी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"नंदुरबारनी परीक्षा ना?" त्याने विचारलं.

"हां."

"आप्पा तुले लई जानार व्हतात. मीच सांगं, हिले नको ल्या. गणितमा तू मन्हा पुढे व्हती." मग म्हणाला, "पोतंबी मीच टाकेल व्हतं."

त्याला वाटलं असेल की हे ऐकून मी विरघळेन. मला आनंद झाला. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाचा राग करत होते आणि तरीही घाव बरोबर माणसावर बसला होता. मी दार लावून घेतलं.

म्हणून गावाकडच्यांनो, मी केलं ते जाणूनबुजून केलं. माफी मागत नाही. आप्पांचा तेवढा मी विनाकारण अपमान केला. त्यांच्याशी मी बोलेन.

पण पुढचं सांगितलं नाही तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. नाना गेल्यापासून माय घरात एकटी आहे. मी दर रविवारी फोन करते. परवा तिचा आवाज खुशीत होता. म्हणाली, "हेमंत उना व्हता. मन्हा डोया दखाडाले धुळाले लई गया. आते गावमा ऱ्हाईसनच कंपनीनं काम करस, रोज सांजले वट्टावर येस, चहा लेस, तुन्ही याद काढस. त्यानी मले समदं सांगं, पहिलेनं अन् नंतरनंबी."

"मंग तू काय म्हनी?"

"मी काय म्हननार? भाकर वाढी त्याले."

मी चिडले. दोन दिवस ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. मग एका सकाळी मोकळ्या सीटशेजारी, मंद लेनमध्ये बसले असताना मला कळलं की मी चिडले नव्हते, मला त्याचा हेवा वाटत होता. ज्याला मी हाकलून लावलं, तो माझ्या आईच्या ओट्यावर बसून तिच्या हातचं खातोय, तिचा हात धरून तिला डॉक्टरकडे नेतोय. हेमंतला मी शिक्षा म्हणून घरी पाठवलं. आणि इथे मी ज्याला घर म्हणते, तिथे मला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.