सहापैकी सहा

लातूरला मी मुलींच्या मेसमध्ये स्वयंपाक करते आणि वाढते. घर पार हिमायतनगरकडं, इथं माझं असं कुणी नाही. शाळा चौथीतच सुटली. डॉक्टर व्हायचं म्हणून दिवसभर घोकणाऱ्या पोरींना गरम पोळी वाढायची, यात माझं बरं चाललं होतं.

मग माझे धक्के लागायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा, बाकाला गुडघा. एकदा वरणाचं पातेलं घेऊन निघाले आणि डावीकडून आलेली पोरगी मला दिसलीच नाही. वरण माझ्याच पायावर सांडलं, हे नशीब.

मेस चालवणाऱ्या वहिनी घाबरल्या. "मावशी, आधी डोळे तपासून या. पोरीच्या अंगावर पडलं असतं तर?"

चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं एकेक डोळा झाकून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. मला वाटलं, शाळा सोडलेल्या बाईची फजिती करून राहिलाय. पण अक्षरं मराठी होती. शेवटची बारीक ओळसुद्धा मी धडाधड वाचली. त्यानं चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांपुढं ६/६ लिहिलं. सहापैकी सहा! जन्मात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मार्क.

पोरींनी ताटं वाजवली. "मावशी टॉपर!" वहिनी मात्र हसल्या नाहीत. "डोळे चांगले हायत, मग ध्यान कुठं असतं तुमचं?"

डोळे वाईट निघाले असते तर चष्मा लागला असता आणि काम राहिलं असतं. आता चांगल्या डोळ्यांपायीच काम जायची पाळी.

उदगीरची एक पोरगी जेवताना माझ्याकडं बघत असायची. ती म्हणाली, "मावशी, समोरचं तुमचं कधीच चुकत न्हाई. धक्का बाजूनंच लागतोय. चला, मोठ्या डॉक्टरला दाखवू." क्लास बुडवून ती माझ्यासोबत आली. तिचे उपकार कसे फेडू?

डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला. नंतर एका मशीनवर हनुवटी टेकवून बसवलं. मधे बघत राहायचं आणि कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी दाबत गेले, पण मधेमधे लई वेळ ठिपकाच आला नाही.

"बाई, मशीन बंद पडलं होतं का हो?"

"नाही मावशी, चालूच होतं."

त्यांनी समजावलं ते असं. ६/६ म्हणजे मार्क नव्हेत. चांगल्या डोळ्याला जे सहा मीटरवरून दिसतं, ते मलाही तेवढ्याच लांबून दिसतं. पण तक्ता फक्त मधली नजर मोजतो. माझी बाजूची नजर जाऊन राहिली होती, दोन्ही डोळ्यांची. काचबिंदू. डोळ्यातल्या दाबानं आतली नस मरत चालली होती.

"मग काढून टाका की, मोतीबिंदू काढतात तसा."

"हा काढता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली सांभाळायला रोज थेंब टाकायचे, चांगलं दिसत असलं तरी." मग त्यांनी विचारलं, घरात कुणाची नजर गेली होती का? आई शेवटी भिंत धरून चालायची. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. बाई म्हणाल्या, हा आजार घराण्यात चालतो, सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा.

वहिनींनी मला वाढण्यावरून काढून पोळ्या लाटायला बसवलं. मी पाया पडायला वाकले तर ओरडल्या, "ते राहू द्या, थेंब टाकले का?"

गावाकडं धाकटा भाऊ टमटम चालवतो. नांदेडला जाऊन डोळे दाखव म्हणून त्याला फोन लावला.

"आक्का, मला पार लांबचा बोर्ड दिसतोय. डोळ्याला काय झालंय?"

"मलाबी शेवटची ओळ दिसत होती रे."

"मग आजार कशाचा?"

मी दाब म्हणाले, आतली नस म्हणाले, बाजू म्हणाले, आणि सगळं एकात एक गुंतलं. तो हसायला लागला. "तुलाच कळंना अन् मला नांदेडला धाडून राहिली!"

"मला कळंना म्हणून तर डॉक्टरकडं जा म्हणते. कळलं असतं तर मीच नसतं सांगितलं?"

मागून कुणीतरी पॅसेंजर ओरडत होता, चल की म्हणून. भाऊ घाईघाईनं म्हणाला, "हाव, हाव, सोमवारी जातो."

म्हणलं, "टमटम घेऊन जाऊ नको. एस.टी.नं जा."