मिश्रीची डबी

शेजारी तव्यावर तंबाखू भाजायला लागली, की तो उग्र वास मला सोलापूरच्या गिरणी-चाळीत नेतो. साल असेल पस्तीसच्या आसपासचं, मी बारा वर्षांची. आई गिरणीत कामाला, मिश्री लावल्याशिवाय तिची सकाळ उजाडत नसे. एकदा तिच्या डबीतली मिश्री मी गुपचूप दातांना लावली आणि तिनं नेमकं पाहिलं.

"तू बी लावतीस की!" मी घाबरून म्हणाले.

"व्हय. आजपासनं मी बी न्हाय लावायची," म्हणत तिनं डबी चुलीत पालथी केली.

पुढं आठवडाभर ती ठणकत्या कपाळाला फडकं आवळून कामावर जाई. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय. पुढं लग्नानंतर नवऱ्यानं तंबाखू सोडायची शपथ घेतली आणि दोन दिवसांत हात टेकले, तेव्हा आईचं ते फडकं मला कळलं.